त्या आठवड्यातले टायर

आमचे घरमालक सकाळचा चहा घेण्याआधी गाडीच्या चारही टायरांना हात लावून येत. ते टायर पुसत नसत, दाबून हवाही पाहत नसत. तळहात टेकवायचा आणि थोडं थांबायचं, लेकराच्या कपाळाला हात लावून ताप पाहतात तसं. मी जिन्यावर दिसले की म्हणत, "ठीक हाय सगयं." मी मान हलवायची. काय ठीक आहे, हे मी सुरुवातीला विचारलं नाही आणि पुढे विचारायची गरज राहिली नाही.

अमरावतीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी आहे. घरात मी, पुस्तकं आणि आईचा फोटो. काका खाली एकटे राहत. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोर्शीकडची संत्र्याची बाग त्यांनी बटईने कसायला दिली होती. आता तेही नाहीत. मी हे सावकाश लिहिते आहे, कारण भरभर सांगितलं तर ते विनोदी वाटतात, आणि ते विनोदी नव्हते.

गाडी त्यांच्या मुलाची. संत्र्याच्या व्यापारात त्याला चांगले दिवस आले तेव्हा त्याने ती घेतली होती. काळी, उंच, परदेशी बनावटीची. आमच्या गल्लीत ती वळवायची तर समोरच्यांना आपल्या दुचाक्या आत घ्याव्या लागत. एका दुपारी अकोल्याहून परत येताना, मूर्तिजापूरच्या अलीकडे, गाडी चालवता चालवताच त्याचं हृदय थांबलं. गाडी कुठे आदळली नाही. हळूहळू रस्त्याच्या कडेला उतरली आणि एका शेताच्या बांधाला टेकून उभी राहिली. इंजिन चालू, आतला गारवा चालू, डावीकडचा दिवा लुकलुकत असलेला. शेतातल्या बायांना वाटलं, कोणी साहेब फोनवर बोलत बसला आहे. त्या बराच वेळ कपाशी वेचत राहिल्या.

काका म्हणत, "त्यानं नाई थांबवली. टायराइनं थांबवली."

त्यानंतर गाडी तेच चालवू लागले. मुलगा उंच होता आणि काका बेताचे. तरी त्यांनी ड्रायव्हरची सीट एक बोटभरही पुढे घेतली नाही. पाठीशी दोन उशा ठेवून, पाय ताणून ते बसत. वरचा आरसाही मुलाच्या उंचीला लावलेला होता तसाच. काकांना त्यात गाडीचं छत आणि थोडं आभाळ दिसत असेल. एकदा मी शेजारी बसले असताना विचारलं, "काका, यात मागचं काही दिसतं का?"

"मले कायले पाह्यजे मांगचं?" ते म्हणाले. "त्याले दिसते ना."

त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मी वळून मागची सीट पाहिली. तिथे माझी पिशवी होती.

उन्हाळ्याच्या दुपारी आमची गल्ली मेल्यासारखी असते. कूलरचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. अशा वेळी काका अंगणात उभ्या असलेल्या गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, काचा खाली करून बसलेले असत. रविवारी मी घरी असले की वरून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. "हाव... नाई, तसं नाई... तुही माय असंच म्हने." मधे थांबत. जितका वेळ समोरच्याला उत्तर द्यायला लागतो, तितका वेळ. एखाद्या थांबण्यानंतर ते हसत. मी पुस्तक खाली ठेवून, काय सांगितलं असेल, याचा विचार करत बसायची, आणि मग माझ्या लक्षात यायचं की मीसुद्धा उत्तर आलं असं धरूनच चालले आहे.

त्यांची सून अकोल्याला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. शनिवारी यायची, सोमवारी पहाटे परत जायची. काका तिला आणायला आणि सोडायला गाडी घेऊन निघत, पण ती बसत नसे. बसने यायची. त्यातच एका शनिवारी तिने अंगणात गाडीजवळ उकिडवं बसून टायरच्या खाचेत नख घातलं होतं, आणि नख बुडालं नव्हतं.

"बाबा, गोटे झालेत यांचे," ती म्हणाली.

"चालते अजून."

"चालत नाही. ब्रेक मारला की सरकेल गाडी. पोळ्यापर्यंत बदला. नाही बदलले तर मी गाडी विकते." गाडी आता तिच्या नावावर होती. "तुम्हालाही घालवून बसायची माझी ताकद नाही."

काकांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "गाडी इकली तर मी बसू कुठं, बेटा?"

ती आत जाऊन कणीक मळायला बसली. पण बोलणं मागे घेतलं नाही, आणि काकांनाही ठाऊक होतं की ती घेणार नाही.

टायरांचा शोध तेव्हा सुरू झाला. सकाळी ते जिन्याखाली उभे राहून हाक मारायचे, "मॅडम, चाला. टायर पाहाले जाऊ." मला न्यायचं कारण असं की टायरवरची अक्षरं काळ्यावर काळी असतात आणि त्यांच्या डोळ्यांना ती लागत नसत. "तुमी इतकं वाचता, हेबी वाचा." ग्रंथालयातलं भिंग मी पर्समध्ये टाकून जायची.

दुकानांत त्यांची पद्धत बैलबाजारातली होती. उभं आयुष्य त्यांनी बैलजोड्या घेतल्या होत्या आणि दुसऱ्या कोणत्या पद्धतीने काही घेता येतं हे त्यांना मान्य नव्हतं. टायरभोवती ते मागून फेरी मारत. खांद्यावर मारावी तशी थाप मारत. मग दुकानदाराला म्हणत, "चालवून दाखव." टायर आधी त्यांच्यापासून दूर नेऊन दाखवायचा, मग त्यांच्याकडे आणून. जनावराचं खरं रूप येताना कळतं, जाताना नाही, असं त्यांचं म्हणणं.

अमरावतीतला एक दुकानदार घामाघूम होऊन म्हणाला, "काकाजी, टायर हाय हे. गोऱ्हा नाई."

"गोऱ्हा राहता तं बरं होतं. त्याले तोंड राह्यते."

"मंग काय पाहून राहिले तुमी?"

"जलम पाहून राहिलो." आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, याचा जलम वाचा."

टायरच्या बाजूला, एका लहानशा चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. तो टायर कारखान्यात कधी तयार झाला, ते. मी गुडघ्यावर बसून वाचायची. काका ऐकायचे, मान हलवायचे आणि चप्पल घालायचे. टायर ताजा असला तरी, सहा महिन्यांचा असला तरी. दुकानदाराला वाटे, म्हाताऱ्याला आणखी ताजा हवा आहे. तो म्हणे, "नागपूरवरून मागवतो, एकदम गरमागरम." काका म्हणत, "गरम नको."

एवढ्या मोठ्या गाडीचे टायर अमरावतीत फार कोणी ठेवत नाही. म्हणून आम्ही अकोल्याला जाऊ लागलो. परतताना मूर्तिजापूर जवळ आलं की काका एका ठिकाणी वेग कमी करत आणि डावा दिवा लावत. वळत नसत. दिवा थोडा वेळ लुकलुकू देत, मग बंद करत. मागचे ट्रक हॉर्न वाजवून शिव्या देत पुढे जात.

अशाच एका परतीच्या दुपारी मी विचारलं, "काका, तुम्ही रबर पाहत नाही, नक्षी पाहत नाही. तुम्हाला नवा पण नको, जुना पण नको. तुम्ही कोणती तारीख शोधताय?"

बाहेर पांढरं ऊन होतं आणि नांगरलेली काळी शेतं त्या उन्हात अधिकच काळी दिसत होती.

"तो गेला त्या हप्त्यात कुठं ना कुठं काहीतरी जलमलंच असंल," ते म्हणाले. "दुनिया अशी रिकामी नाई राहत."

"म्हणून टायर?"

"मंग काय करू? सोयरे म्हनत, फलान्याच्या घरी त्याच दिवशी पोट्टं झालं, पाहून या. गेलो बी होतो. चांगलं पोट्टं होतं. त्याची माय माह्याकडं अशी पाहे, का मी उचलून नेतो काय." त्यांनी गिअर बदलला. "लोकाच्या लेकराले आपलं कसं म्हनाव, मॅडम? टायर इकत तरी भेटते."

मला हसू आलं नाही. मला आठवलं, आई गेली त्या वर्षी ग्रंथालयात आलेल्या नव्या पुस्तकांची पहिली पानं मीही पाहत असे, ती कोणत्या महिन्यात छापली आहेत ते.

पुढे मी त्यांना एवढंच म्हटलं, की त्या आठवड्यातले टायर आता इतक्या वर्षांनी दुकानात मिळणं अवघड आहे, आणि दर महिन्याला अधिक अवघड होत जाणार. त्यांना ते कळत होतं. इकडे पोळा जवळ येत होता, आणि अंगणातल्या टायरांच्या खाचा आता बोटांनाही लागत नव्हत्या. सून फोनवर रोज एकच प्रश्न विचारायची. काका एकच उत्तर द्यायचे, "पाहून राहिलो."

अकोल्याच्या एका दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी खालीच होते. काकांनी त्याला ते चार आकडे सांगून ठेवले होते. फोनचा आवाज मोठा होता. "काकाजी, तुमचा हप्ता भेटला. गोदामात मांगं पडून होते. पन दोनच हायेत."

"जोडी हाय ना?" काकांनी विचारलं.

"आता दोन म्हनजे जोडीच ना बापा."

आम्ही गेलो. भर दुपार होती. दुकानापुढची मोकळी जागा उन्हाने ओस पडली होती. दुकानदाराने पहिला टायर धूळ झटकून काढला आणि, नेहमीसारखं सांगायला लागू नये म्हणून, लांबूनच सोडला. तो टायर त्या मोकळ्या जागेतून एकटा आला. उतार आमच्या बाजूला नव्हता. तरी तो न डगमगता, न वळता आला आणि काकांच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. पडला नाही. दुकानदाराने दुसरा टायर सोडला नाही, हाताने धरून आणला.

"वाचा," काका म्हणाले.

मी भिंग लावलं. तोच आठवडा होता. तेच वर्ष. मी दोनदा वाचलं.

नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. काकांनी त्यांवरून बोटं फिरवली. "जावळ हाय अजून," ते स्वतःशीच म्हणाले, आणि दुकानातल्या स्टुलावर बसले. त्यांच्या तोंडावर मी तसं समाधान कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी सुनेलाही कळवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती रिक्षाने आली, पांढरा कोट अंगात तसाच. तिला तारखेचं काही माहीत नव्हतं. तिने दोन्ही अंगठ्यांनी टायरची बाजू दाबली. तिथे बारीक बारीक रेघा उघडल्या, चैत्रात जमिनीला भेगा पडतात तशा.

"बाबा, हे म्हातारे झालेत."

"एक कोस बी चालले नाई अजून."

"न चालताच झालेत. आमच्याकडे बियाणं असंच होतं. पुडी फोडलेली नसते, पण आतलं सगळं संपलेलं असतं. असं बियाणं मी पास करत नाही." मग तिची नजर त्या चौकटीतल्या आकड्यांवर गेली. नोकरीमुळे तिला तारखा वाचायची सवय होती. ती वाचायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. सरळ झाली तेव्हा आवाज खाली आला होता. "हेच शोधत होतात तुम्ही इतके दिवस?"

काकांनी मान हलवली.

"मला एकदा मूर्तिजापूरहून फोन आला, बाबा. दुसऱ्यांदा नको."

दुकानदार आत निघून गेला. रस्त्यावरून एक रिकामी रिक्षा गेली. काका टायरवर हात ठेवून बसले होते.

"तुले काय वाटते?" त्यांनी विचारलं. "तो हाय याच्यात?"

नाही म्हणणं सोपं होतं. ती म्हणाली नाही. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, कोटाची पर्वा न करता. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "असला तर त्याला पुन्हा त्याच रस्त्यावर कशाला न्यायचं?"

काकांनी हात टायरवरून उचलला नाही, पण त्यांचे खांदे खाली आले. मग त्यांनी दुकानदाराला हाक मारली. "गाडीले चार नवे टाक. हे दोन घरी येतीन."

"नवे पन अव्वल हायेत, काकाजी. मॅडम, याइचा जलम वाचून घ्या."

"राहू दे," काका म्हणाले. "त्याइचं त्याइले माहीत."

येताना ती सुट्टी टाकून आमच्यासोबत आली. मुलगा गेल्यापासून ती पहिल्यांदाच त्या गाडीत बसली होती. मागच्या सीटवर, माझ्या शेजारी, ते दोन टायर होते. काकांनी त्यांना पट्टा लावला होता. ऊन काचेतून त्यांच्यावर पडत होतं आणि गरम रबराचा वास गाडीभर पसरला होता. मूर्तिजापूर मागे पडल्यावर सुनेने डोकं सीटला टेकलं आणि ती झोपली, आणि काकांनी गाडी अगदी हळू घेतली.

टायर मुलाच्या खोलीत गेले. त्या खोलीत गुळगुळीत फरशी आहे, एक पलंग, एक कपाट. खिडकी बंदच असते. काका दाराला कुलूप लावत आणि किल्ली बंडीच्या खिशात ठेवत. त्या दिवसापासून ते गाडीत बसून बोलायचे थांबले. दुपारी पडवीत आरामखुर्चीवर पडत. सून दर शनिवारी गाडीने येऊ-जाऊ लागली. काका तिला सोडून परतले की वरच्या जिन्याकडे पाहून, "पोचली," एवढं म्हणत. मला वाटलं, हे संपलं.

मग रविवारी दुपारी मला तो आवाज येऊ लागला. माझ्या खोलीच्या बरोबर खाली मुलाची खोली आहे. काहीतरी जड, गोल, फरशीवरून सावकाश जायचं. भिंतीपाशी थांबायचं. परत यायचं. मी समजले, काका टायर चालवून पाहत आहेत. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवा, असं मी मनाला सांगितलं आणि वाचत राहिले.

एका रविवारी मी शिरा केला होता. आवाज चालू होता, म्हणजे काका जागे आहेत, म्हणून वाटी घेऊन खाली गेले. काका पडवीत आरामखुर्चीवर झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात पोटावर. खोलीच्या दाराला कुलूप होतं. आतला आवाज दारापर्यंत आला, थांबला, आणि परत गेला.

मी वाटी खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवली. काकांनी डोळे न उघडता म्हटलं, "मॅडम, घाबरू नोका. त्याले बसून राहाची सवयच नाई."

मी वर आले. त्यानंतरही आवाज येत राहिला आणि हळूहळू मला त्याची सवय झाली. एखाद्या रविवारी तो आला नाही तर मीच कान देऊन बसायची.

काका वैशाखात गेले, त्याच खुर्चीवर, दुपारी. सकाळी त्यांनी सुनेला फोन करून, गाडीत हवा भरून ठेवली आहे, येताना बसने ये, जाताना घेऊन जा, असं सांगितलं होतं. ती बसनेच आली. तेरवी होईपर्यंत पाहुण्यांनी घर भरलं होतं. पाहुणे गेल्यावर ती किल्ली हातात घेऊन जिन्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण या." मी तिला आवाजाबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.

दार उघडलं. खोली गार होती. पलंगाजवळ दोन्ही टायर एकमेकांना टेकून उभे होते. फरशीवर एकही रेघ नव्हती, धूळही नव्हती. ती जवळ गेली, आणि मग मीही पाहिलं. टायर झिजलेले होते. वर्षानुवर्षं रस्त्यावर धावल्यासारखे, कडेला अधिक, मधे कमी. खाचांमध्ये काळी माती भरलेली होती. बाहेर वैशाखाने सगळं वाळवून टाकलं होतं आणि ती माती ओली होती.

तिने एका खाचेतून नखाने एक खडा काढला. तळहातावर घेऊन उजेडाकडे नेला, कामावर बी पाहत असेल तशी पाहत राहिली. मग खाली बसून तो खडा पुन्हा त्याच खाचेत अंगठ्याने दाबून बसवला.

आम्ही बाहेर आलो. मी कुलपाकडे हात नेला.

"कुलूप नको, मॅडम," ती म्हणाली. "कडीही नको. नुसतं ओढून घ्या."